विमानाची धुणी, मुक्काम खालापूर

ब्लँकेटं आणि किस्से यांच्यात एक मोठा फरक आहे. ब्लँकेटं धुऊन, घडी घालून, टेंपोत भरून रवाना करता येतात. किस्से मात्र जिथल्या तिथे साचत राहतात. आमच्या लाँड्रीत मी सुपरवायझर म्हणून लागल्यापासून इतके साचलेत की कुणी नुसतं 'काय, कसं चाललंय?' असं विचारलं तरी एखादा घरंगळत बाहेर येतो.

लाँड्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला येतो. आमची तसली नाही. खालापूरच्या थोडं बाहेर पत्र्याची लांबलचक शेड आहे. आत खोलीएवढाली वॉशिंग मशिनं, तेवढेच ड्रायर, आणि घड्या घालायला लांब टेबलं. मुंबईच्या विमानतळावरून रोज टेंपोनं माल येतो : ब्लँकेटं, उशांचे अभ्रे, आणि सीटला डोक्याकडे लावतात ती फडकी. सगळा माल एकाच विमान कंपनीचा. देशाच्या नावानं उडणारी कंपनी आहे, त्यामुळे आमचा थोडा रुबाब आहे, म्हणजे आमचा आम्हीच करून घेतलाय.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर अधूनमधून वाद पेटतो. देशाला स्वतःची विमान कंपनी हवीच कशाला, जिचं तिकीट स्वस्त तिच्यात बसावं, तोटा झाला की पुन्हा रडगाणं कशाला ऐकायचं, वगैरे. वाद घालणाऱ्यांपैकी निम्मे जण विमानात कधी बसलेले नसतात. मीही नाही. रसायनीकडचा कारखाना बंद पडल्यावर काही काळ घरी बसलेला आणि मग इथे लागलेला माणूस मी, मला त्यातले आकडे काय कळणार? मी आपला एखादा किस्सा सांगतो आणि चहा संपवतो.

०

सुरुवात हौसाबाईपासूनच करायला हवी.

आमचे मालक दिनूशेठ. मूळचे खोपोलीचे, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. लाँड्री काढली तेव्हा सगळ्यांनी त्यांना सांगितलं की मशिनं महाग आहेत, शहरातून शिकलेली माणसं आणा. शेठ जीप घेऊन उलट्या दिशेला निघाले आणि थेट कशेळ्याच्या बाजारात जाऊन थांबले. तिथे वरच्या वाड्यांवरच्या बायका करवंदं, रानभाज्या, मोहाची फुलं घेऊन बसतात. जी बाई भर उन्हात शेवटची जुडी विकल्याशिवाय उठत नाही, ती माझं मशीन अर्ध्यात सोडून कुठे जाणार, असा शेठचा सरळ हिशेब होता.

बायकांनी पगार विचारला, जीप कुठून सुटणार ते विचारलं, सणाला सुट्टी मिळणार का ते तर तीनतीनदा विचारलं. कोपऱ्यात बसलेल्या एका पन्नाशीच्या ठाकरीण बाईनं मात्र एकच गोष्ट विचारली. धुणी कुठल्या कंपनीच्या विमानाची? शेठनी नाव सांगितलं. बाईनं टोपली उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसली. बाकीच्यांचं बोलणं अजून चालूच होतं.

तीच हौसाबाई. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, जैतू. आयटीआयत वेल्डिंग शिकून तो आधी मोहोपाड्याच्या एका कंपनीत लागला आणि तिथून दोन वर्षांच्या करारावर आखातात गेला. त्या वाडीवरून समुद्रापलीकडे गेलेला पहिलाच माणूस. पहिल्या दिवशी मी तिला मशीन दाखवत होतो, तेव्हा तिनं मला आपला सगळा करार सांगून टाकला.

"भाऊ, माजा जैतू ह्याच कंपनीच्या विमानानं गेलाय. त्याच विमानानं माघारी येनार. तवर त्यांचं अंथरून-पांघरून मी बगते."

पगार, जीप, सुट्टी हे सगळं तिच्या दृष्टीनं नंतरचं होतं. पोरगा धडधाकट परत यायला हवा, एवढ्यासाठी ती आमच्याकडे आली होती.

०

कंपनीकडून घडी शिकवायला एक साहेब आले होते. ब्लँकेटाची घडीही नियमात बसवलेली असते, हे मला तेव्हा कळलं. कंपनीचं नाव वर दिसलं पाहिजे, काठ आत गेला पाहिजे, पिशवी एका बाजूनं चिकटवलेली पाहिजे. साहेबांनी छान समजावून सांगितलं आणि बायकांनी माना डोलावल्या.

साहेब चहाला गेले तेव्हा हौसाबाईनं एक पाकीट फोडलं, खुर्चीत बसली आणि विमानातला माणूस घेईल तसं ब्लँकेट पायांवरून घेतलं. नाव बरोबर तिच्या पावलांवर आलं. तिनं सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. देशाचं नाव, आणि पायाशी? टेबलाभोवती जी कुजबुज झाली ती मला ऐकू आली, पण मी लक्ष दिलं नाही. इथेच माझं चुकलं.

साहेब चहा पिऊन परत येईपर्यंत अख्खी चळत उलटी घडी घालून तयार होती. साहेबांचा चेहरा उतरला. मी घाम पुसत सारवासारव करायला लागलो. हौसाबाईनं त्यांना त्याच खुर्चीत बसवलं आणि एक पाकीट हातात दिलं. त्यांनी ते उघडून अंगावर घेतलं, तेव्हा नाव छातीवर आलं. साहेबांनी मान वाकवून ते वाचलं. मग हसायला लागले. वर फोन लावले, फोटो पाठवले, आणि आठवड्याभरात तीच घडी पास होऊन आली.

निघताना त्यांनी गमतीनं विचारलं, पण एखाद्या प्रवाशानं ब्लँकेट उलटं घेतलं तर?

हौसाबाई म्हणाली, "मंग त्यो त्याचा गुना. आपला नाय."

०

ब्लँकेटांत काय काय सापडतं, हा एक वेगळाच विषय आहे. एकेकटे मोजे, लहान मुलांची चोखणी, जपमाळा, अर्धा खाल्लेला लाडू, एकदा तर नव्याकोऱ्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. सगळं पिशवीत घालून टेंपोवाल्या बबनबरोबर विमानतळावर परत जातं. बबन चौकचा आहे, आमच्या आणि विमानतळाच्या मधला दुवा. त्याला रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ओळखीचा आणि विमानतळाच्या गेटवरचा प्रत्येक शिपाई मित्र.

एकदा कवळी सापडली. वरची, चांगली जपून वापरलेली. बबन ती घेऊन गेला. कंपनीतल्या मुलीनं त्या विमानातल्या लोकांना फोन केले, तेव्हा एका आजोबांनी हो हो, माझीच, असं सांगून मोठ्या आनंदानं ती नेली. आम्हीही खूश झालो. दिनूशेठनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

दोन दिवसांनी आणखी एक कवळी सापडली. आता ही कुणाची? त्या मुलीनं पुन्हा तेच फोन सुरू केले. पहिल्या आजोबांना विचारल्यावर ते जरा घुटमळले. मग खरं काय ते बोलले.

"ही दुसरी असेल ती माझी. पण मुली, आधीची इतकी छान बसलीय की काही विचारू नकोस. बदलायलाच पाहिजे का?"

०

कल्पना आमच्याकडे पॅकिंगला आहे, पळसदरीची. बारावी झालेली, चुणचुणीत, मशीनला नाव देऊन त्याच्याशी बोलणारी. तिच्या आईला मुलीच्या नोकरीचा इतका अभिमान की कुणी विचारलं तर मान जरा तिरकी करून सांगायची, आमची कल्पना विमान कंपनीत आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ती तिथेच थांबायची.

मोहोपाड्याचं एक स्थळ हे ऐकूनच आलं. मुलगा केमिकल कंपनीत ऑपरेटर, स्टाफ कॉलनीत घर. पाहुणे झाडून सगळे आले. मुलाच्या काकू खास नवी साडी नेसल्या होत्या, कारण हवाईसुंदरी सून येणार म्हणजे आपणही जरा नीट दिसायला हवं. पोहे झाले, चहा झाला, आणि काकूंनी हौसेनं विचारलं की मुली, विमानात तुम्ही नमस्कार करता ना, तसा एकदा करून दाखव की.

कल्पनाची आई जमिनीत जायला बघत होती. कल्पना मात्र शांतपणे उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मी विमानात नसते, खालापुरात असते. विमानात तुम्हाला जे ब्लँकेट मिळतं ते माझ्या हातून गेलेलं असतं. मी भरलेलं पाकीट आजवर एकही परत आलेलं नाही. एवढं बोलून ती नमस्कार करून खाली बसली.

काकूंचा चेहरा पडला. काका घड्याळ बघायला लागले. सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. तो हसत होता. म्हणाला, "बरं झालं बाबा. हवाईसुंदरी असती तर तिनं मला कशाला विचारलं असतं?"

लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. काकू सर्वांत पुढे नाचत होत्या.

०

जैतूचा फोन शुक्रवारी यायचा, कारण तिकडे शुक्रवारी सुट्टी. बरोबर आमच्या जेवणाच्या वेळेला. हौसाबाई फोन डब्याला टेकवून मधोमध ठेवायची आणि स्पीकर चालू करायची, म्हणजे सगळ्यांना ऐकू यायला हवं. हळूहळू तो एकटीचा फोन राहिलाच नाही. कुणी तिकडच्या उन्हाचं विचारायची, कुणी भाताचं, कुणी सोन्याचा भाव. हौसाबाई स्वतः फार बोलत नसे. तू खाल्लंस का, एवढं विचारायची आणि बाकीच्यांचं बोलणं ऐकत बसायची. पण त्या दिवशी दुपारभर तिचा हात असा चालायचा की ड्रायर मागे पडायचे.

एका शुक्रवारी जैतूनं सांगितलं की करार संपला की येताना दुसऱ्याच एका परदेशी कंपनीचं तिकीट स्वस्तात पडतंय. मध्ये एका देशात विमान बदलावं लागतं, बराच वेळ थांबावंही लागतं, पण पैसे वाचतात. पोरगा बिचारा आईसाठीच वाचवत होता. शेडमधल्या सगळ्या बायकांनी जेवण थांबवलं. कल्पनानं दोन्ही कंपन्यांतला फरक समजावायला घेतला. शेठही ऑफिसातून डोकावले.

हौसाबाईनं सगळ्यांना हातानं गप्प केलं. "जैतू, आपल्याच कंपनीनं ये. त्या लोकांची ब्लँकीटं कोन धुतं, काय म्हाईत रं."

मग जैतू म्हणाला, बरं आई.

०

मध्यंतरी काही महिने कंपनीची उड्डाणं फार कमी झाली. का झाली त्याची कारणं पेपरात रोज येत होती. इकडे आमच्या अंगणात काय झालं ते कुठल्या पेपरात आलं नाही. टेंपो दिवसाआड यायला लागला. कशेळ्याची जीप अर्धी रिकामी धावू लागली. साबण पुरवणारा मोहोपाड्याचा माणूस रोज फोन करून नुसती खुशाली विचारायचा, आणि त्याच्या आवाजावरून कळायचं की खुशाल कुणीच नाही. नाक्यावरच्या वडापाववाल्यानं तर मला उभं करून विचारलं, भाऊ, विमानं कधी उडणार? विमान कंपनी म्हणजे श्रीमंतांची चैन, असं टपरीवर ठासून सांगणारा माणूस हाच.

दिनूशेठनी कुणाला घरी पाठवलं नाही. पण हात रिकामे ठेवणं त्या बायकांना जमेना. शेड धुतली, मशिनं पुसली, पत्रे रंगवले, कुंपणाला भोपळ्याचे वेल चढवले. शेवटी हौसाबाईनं शेठना सांगितलं की आमच्या बाजूला आश्रमशाळा आहे, पोरं तिथेच राहतात, त्यांच्या चादरी आणि रग एकदा इथे आणा. शेठ म्हणाले की आणा, मशीन उभं राहून गंजण्यापेक्षा फिरलेलं बरं. मोबदल्याचं नाव त्यांनी काढलं नाही आणि आम्हीही काढू दिलं नाही.

तो माल बायकांनी असा धुतला, असा वाळवला, की शेठना स्वतःला हेवा वाटला. घडी अर्थातच विमानाची. उरलेल्या पिशव्या होत्या त्यात एकेक रग भरून, चिकटवून, बबनच्या टेंपोनं शाळेत पोचता केला. पंधरवड्यानं मी सहज तिकडे गेलो तर मास्तर कपाळाला हात लावून बसलेले. पोरं रात्री कुडकुडत होती, पण एकानंही पाकीट फोडलं नव्हतं. मी एका मुलीला विचारलं की अगं, उघडलं का नाही?

"विमान आल्यावर उघडायचं ना?" तिनं विचारलं.

०

उड्डाणं पुन्हा सुरळीत झाली तेव्हा कंपनीच्या त्या घडीवाल्या साहेबांनी एक मोठ्या मनाचं काम केलं. आमच्या काही बायकांना दिल्लीपर्यंत विमानानं नेऊन आणायचं ठरवलं, कंपनीतर्फे. शेडमध्ये दिवाळी झाली. पहिलं नाव अर्थात हौसाबाईचं. तिनं सरळ नाही म्हणून सांगितलं. शेठ रागावले, मी समजावलं, कल्पनानं गळ घातली. ती म्हणाली की माझा पोरगा त्यात बसून परत येऊ दे, मग मी बसेन, आधी नाही. तिच्या जागी दुसरी गेली.

बाकीच्या नऊवारी-पाचवारी नेसून, डोक्यात अबोली माळून निघाल्या. विमानात त्यांना आपापली पाकिटं मिळाली. सगळ्यांनी ती आधी तपासली, कुणाच्या हातची ते ओळखलं, मग अंगावर घेतली. नाव छातीवर. इथवर सगळं सुरेख चाललं होतं.

दिल्लीला विमान टेकलं. लोक उतरले. आणि आमच्या बायका उठून कामाला लागल्या. प्रवाशांनी सीटवर बोळे करून टाकलेली ब्लँकेटं त्यांना बघवेनात. एकीनं उचललं, दुसरीनं झटकलं, तिसरीनं घडी घातली. कल्पनानं तर रिकाम्या पिशव्या गोळा करून त्यांत परत भरून ठेवली. विमानातल्या मुलींना वाटलं, किती गोड बायका आहेत. त्यांनी फोटोही काढले.

मग सफाईवाले आले. बघतात तर प्रत्येक सीटवर घडी घातलेलं ब्लँकेट, पिशवीत. त्यांना वाटलं, नवा माल आधीच लावून झालाय. पुढच्या उड्डाणाचे प्रवासी येऊन बसले आणि वापरलेली ब्लँकेटं अंगावर घेऊन पार परदेशात गेले.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी उभा राहून बोललो. साहेब आधी कडाडले, मग मध्येच त्यांचा आवाज बदलला. मला वाटलं लाइन तुटली. तर ते हसत होते.

"भाऊ, तुमच्या बायकांना पुन्हा नेऊ, नक्की नेऊ," ते म्हणाले. "पण हात बांधून नेऊ."

०

गेल्या शिमग्याच्या सुमाराला आखातात अचानक बिघडलं. टीव्हीवर धूर, पळापळ, बंद पडलेले विमानतळ. जैतूच्या कराराचे शेवटचे दोन महिने राहिले होते.

शुक्रवार आला. जेवणाची सुट्टी झाली. हौसाबाईनं फोन डब्याला टेकवून ठेवला. सगळ्या भोवती बसल्या. फोन आला नाही. कल्पनानं लावून पाहिला, तर लागत नव्हता. हौसाबाईनं डबा न उघडताच पिशवीत ठेवला आणि मशीनवर जाऊन उभी राहिली. बाकीच्यांनीही डबे तसेच झाकले आणि त्या दुपारी मशिनं वेळेआधीच सुरू झाली.

परदेशी कंपन्यांनी त्या बाजूची विमानं थांबवली होती. अडकलेल्यांत बहुतेक जैतूसारखेच, वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर. त्यांना कोण आणणार, असं टपरीवर चाललं होतं. होळीच्या दिवशी दुपारी साहेबांचा मला फोन आला. आपली कंपनी खास विमानं पाठवतेय, एकामागून एक. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी येणार आहेत. ब्लँकेटं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतील, आणि उद्या संध्याकाळच्या आत.

उद्या म्हणजे धुळवड, वाड्यांवरचा खरा शिमगा. वाड्यांवरच्या बायका एक वेळ दिवाळीला येतील, पण शिमग्याला नाही. त्या दिवशी नाच असतो, सोंगं असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात. पहिल्या दिवशी तीनतीनदा विचारलेली सुट्टी ती हीच. दिनूशेठनी बायकांना सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की सुट्टी म्हणजे सुट्टी, आम्ही दोघंतिघं मिळून जमेल तेवढं करू. बायका ऐकून घरी गेल्या. हौसाबाईही गेली.

सकाळी शेठनी जीप तरीही कशेळ्याला पाठवली. रिकामी आली तर आली, म्हणाले. मी मशीन भरत होतो आणि फाटकाशी कल्ला ऐकू आला. जीप एवढी भरली होती की दारं उघडीच होती. तिच्या मागे आणखी एक जीप, भाड्याची. आमच्या सगळ्या होत्याच, शिवाय त्यांच्या सासवा होत्या, जावा होत्या, माहेरपणाला आलेल्या लेकी होत्या. कुणाच्या गालाला रंग, कुणाच्या कपाळाला होळीची राख. कल्पना मोहोपाड्याहून नवऱ्याला घेऊन आली होती आणि त्या ऑपरेटरच्या डोक्यावर तिनं आल्या आल्या गाठोडं दिलं. मी सरळ ड्रायरच्या मागे जाऊन डोळे पुसले.

हौसाबाई सरळ घडीच्या टेबलाशी गेली. ही ब्लँकेटं तिकडेच जाणार ना, एवढं मला विचारलं. मी हो म्हणालो. प्रत्येक घडी पिशवीत घालायच्या आधी ती तिच्यावरून एकदा सावकाश हात फिरवत होती. त्यानं वेळ जात होता. मी पुढचं ब्लँकेट तिच्याकडे सरकवत राहिलो. दिवस कलायच्या आत टेंपो भरून निघाला.

मग वाट बघणं सुरू झालं. विमानं येत होती. बबन माल उतरवून झाला की विमानतळाच्या बाहेर जाऊन उभा राहायचा, हातात खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'जैतू, कशेळे'. टेंपो परत आला की सगळ्या बायका आधी पुढच्या सीटकडे बघायच्या. बबन नुसती मान हलवायचा. हौसाबाई मागचा पडदा उघडून गाठोडी उतरवायला लागायची. असं किती दिवस चाललं ते मला सांगता येणार नाही. मला ते फार वाटले.

एका दुपारी टेंपो फाटकातून हॉर्न वाजवत आत आला. पुढच्या सीटवर बबनशेजारी एक वाळलेला, दाढी वाढलेला तरुण, अंगात कामाचा फाटका डगला, हातात सामान म्हणून काही नाही. काखेत फक्त कंपनीचं ब्लँकेट. विमानात हुडहुडी भरली होती, तेव्हा तिथल्या मुलीनं दिलं आणि उतरताना राहू दे तुझ्याकडे म्हणाली, असं तो नंतर बबनला सांगत होता.

हौसाबाईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत हात लावून पाहिलं. दोन्ही हात, दहाही बोटं. मग तिथेच, टेंपोच्या चाकाशी, खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. शेडमधलं एकूणएक माणूस रडत होतं. शेठ बबनला ओरडत होते की गाडी अशी मध्येच काय लावलीस, आणि त्यांचेही गाल ओले होते. मायलेकांना जीपनं वाडीवर पोचवलं. हवी तेवढी रजा घे, असं शेठनी तिला बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून पहिली उतरली ती हौसाबाई. काखेत तेच ब्लँकेट. मी काही विचारायच्या आत तिनं ते पहिल्या खेपेच्या मशीनमध्ये टाकलं. धुऊन, वाळवून झाल्यावर टेबलावर घेतलं आणि घडी घालायला लागली. मी म्हणालो की हौसाबाई, अहो ते त्यांनी जैतूला दिलंय, घरी राहू द्या, आठवण म्हणून. शेठही बाहेर आले. कंपनीला मी सांगतो, ते तुझंच, म्हणाले.

तिनं घडीवरून हात फिरवला, पिशवीत घातली, पिशवी चिकटवली आणि टेंपोत चढवायच्या चळतीवर नेऊन ठेवली.

"माजा आला, शेट," ती म्हणाली. "पन लोकांची पोरं अजून तकडंच हायत."

आणि तिनं बबनला गाडी काढायला सांगितलं.